राक्षसाचं नाव कुजबुज, आणि खेळभर बडबड : ‘फोरस्पोकन’चं प्रकरण

‘फोरस्पोकन’ या गेमच्या सेटिंगमध्ये एक पर्याय आहे : कफने किती बोलावं. कफ म्हणजे नायिकेच्या हातातलं बोलणारं कडं. पर्याय वापरून त्याची बडबड कमी करता येते, जवळजवळ थांबवताही येते. आवाज लहान-मोठा करायची सोय सगळ्याच गेममध्ये असते. पण ज्या पात्रावर कथेचा शेवट उभा आहे, त्याचंच तोंड दाबायची सोय बनवणाऱ्यांनीच करून दिलेली मी इथेच पाहिली. दुसऱ्या रात्री मी ती वापरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बडबड चालू केली, कारण एव्हाना गेमपेक्षा हे का बिघडलं असावं याचंच कुतूहल जास्त वाटायला लागलं होतं.

पुढे शेवट फोडलेला आहे. ज्यांना खेळायचंय त्यांनी इथे थांबावं.

आधी हकिकत. जून 2020 मध्ये प्लेस्टेशन 5च्या कार्यक्रमात ‘प्रोजेक्ट अ‍ॅथिया’ या नावाने याची पहिली झलक दिसली. बनवणारा स्टुडिओ लुमिनस प्रॉडक्शन्स, म्हणजे स्क्वेअर एनिक्सने 2018 मध्ये काढलेली टोकियोची शाखा. तिथली बरीच मंडळी ‘फायनल फँटसी 15’ करून आलेली. गेम आधी 24 मे 2022 ला यायचा होता, मग 11 ऑक्टोबर ठरली, आणि शेवटी 24 जानेवारी 2023 ला तो प्लेस्टेशन 5 आणि विंडोजवर आला. परीक्षणांची सरासरी शंभरात साठीच्या मध्यावर अडकली. मोठ्या कंपनीच्या सत्तर डॉलरच्या गेमला हे नापास होण्यासारखंच. विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचं कंपनीनेही मान्य केलं. फेब्रुवारी संपता संपता जाहीर झालं की लुमिनस मुख्य कंपनीत विलीन होणार, आणि 1 मे 2023 ला ती झालीही.

या सगळ्याला फक्त संवाद जबाबदार होते असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. विंडोजवर 24 जीबी रॅमची शिफारस वाचूनच आमच्यातल्या अर्ध्यांनी नाद सोडला होता. हवं तिथे हिंडता येणारं मोकळं जग विस्तीर्ण होतं पण ओकंबोकं. तरी लोकांच्या लक्षात राहिलं ते बोलणंच. लढाई आणि पळणं मात्र झकास, हे टीका करणाऱ्यांनीही कबूल केलं. जादूच्या बळावर कडे-कपारी ओलांडत धावताना हात आपोआप रमतात. त्यात कोणी तोंड उघडलं की रंगाचा बेरंग.

कथा काय होती

फ्रे हॉलंड ही न्यूयॉर्कमधली अनाथ मुलगी, एकविसाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर. तान्ही असताना ती हॉलंड टनेलच्या तोंडाशी सापडली, म्हणून आडनाव हॉलंड. गेम उघडतो तो कोर्टात. छोट्या चोऱ्यांची प्रकरणं साठलेली, न्यायाधीश बाई कंटाळलेल्या पण दयाळू. फ्रे एका ओसाड घरात राहते, सोबत होमर नावाचं मांजर आणि शहर सोडून जाण्यासाठी साठवलेली पैशांची बॅग. गुंड घराला आग लावतात. मांजर वाचतं, पैसे जातात. ती होमरला न्यायाधीशबाईंच्या दाराशी सोडते, आणि जगायचं कशाला या टोकाशी येऊन पोचते. तेवढ्यात एका पडक्या इमारतीत तिला ते सोन्यासारखं चमकणारं कडं दिसतं. हात लावला, आणि ती थेट अ‍ॅथिया नावाच्या दुसऱ्याच जगात.

ही सुरुवात वाईट नाही. रचना म्हणून पाहिली तर चांगलीच आहे. एका अत्यंत एकट्या मुलीकडून उरलंसुरलं सगळं काढून घ्यायचं आणि मग तिच्या हातात कायमचा चिकटलेला सोबती द्यायचा. (न्यूयॉर्कचा हा भाग वेगळ्या कारणानेही टीकेचा धनी झाला. कृष्णवर्णीय नायिका आणायची आणि पहिल्याच दृश्यात तिला भुरटी चोर म्हणून कोर्टात उभी करायची, हा चावून चोथा झालेला साचा आहे, असं काही समीक्षकांनी लिहिलं. ते मला पटतं. उलट बाजूने, नायिका कृष्णवर्णीय मुलगी आहे एवढ्यावरूनच दात ओठ खाणारेही इंटरनेटवर भरपूर होते. त्यांच्या टिंगलीला समीक्षेचा मान द्यायचं कारण नाही.)

अ‍ॅथियावर एके काळी चार तांतांचं राज्य होतं. तांता म्हणजे जादूचं बळ असलेल्या राण्या. सिला बळाची, प्राव्ह न्यायाची, ओलास बुद्धीची आणि सिंता प्रेमाची. आता ‘ब्रेक’ नावाच्या विषारी लाटेने देश सडलाय. तिच्यात सापडलेली माणसं आणि जनावरं राक्षस होतात. तांता वेड्या आणि क्रूर झाल्यात. वाचलेली माणसं सिपाल या एकाच शहरात भिंतीआड दाटीवाटीने राहतात. ब्रेकमधून धडधाकट बाहेर आलेली ही परकी मुलगी राक्षसीण असणार, म्हणून तिथली पंचमंडळी तिच्यावर खटला भरतात. पुढे ती एकेका तांतेला मारते, त्यांची जादू घेते. शेवटी कळतं की ती सिंताचीच मुलगी, आणि कफ म्हणजे ससरस, तांतांच्या वेडामागचा आणि या विध्वंसामागचा राक्षस. सिंताने त्याला बंदिस्त केलं होतं. एकेक तांता मरत गेली तसं त्याचं बळ परत येत गेलं. म्हणजे फ्रेने जे पराक्रम केले ते सगळे त्याच्या कामी आले.

ससरस हे नाव ज्यावरून आलं त्या ‘सुसुरुस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ कुजबुज. ‘फोरस्पोकन’ हा जुन्या इंग्रजीतला विस्मरणात गेलेला शब्द, अर्थ साधारण ‘बोलण्याने मंतरलेला, बाधा झालेला’. खलनायकाचं नाव कुजबुज, खेळाचं नाव शब्दांची बाधा. कोणीतरी कागदावर फार नेमका विचार केला होता. नुसत्या बोलण्याच्या जोरावर एका मुलीला आपल्याच आईच्या मैत्रिणी मारायला लावणाऱ्या आवाजाची ही गोष्ट. त्यात बोलणंच फसलं.

सिंता हे नाव वाचून मी क्षणभर थबकलो होतो. मलय आणि इंडोनेशियन भाषांत ‘चिंता’ म्हणजे प्रेम, आणि तो शब्द संस्कृतातल्या चिंतेवरूनच तिकडे गेलेला. प्रेमाच्या राणीला तिथूनच नाव मिळालं असेल तर माहीत नाही कोणाच्या डोक्यातून आलं, पण माझ्या आजीने लगेच मान डोलावली असती.

ती जाहिरात

ऑगस्ट 2022 मध्ये, गेम यायच्या पाच महिने आधी, जाहिरातीची एक छोटी चित्रफीत फिरली. फ्रेचा आवाज मागे चालू, पुढे उड्या आणि स्फोट. बोलण्याचा मथितार्थ असा : म्हणजे बघा, मी पृथ्वी नसलेल्या कुठल्याशा जागी आलेय, मला ड्रॅगन दिसतायत, आणि हो, मी एका कड्याशी बोलतेय. मी आता जादू करते, अक्राळविक्राळ जनावरं मारते, उद्या उडेनसुद्धा.

दोन दिवसांत तिची विडंबनं सुरू झाली. जो तो आपापल्या आवडत्या सिनेमाची, गेमची गोष्ट त्या साच्यात ओतून मोकळा. आमच्या ग्रुपवर एकाने लग्नाच्या पंगतीतून टाकलं : ‘म्हणजे बघा, मी मांडवात आहे, समोर मठ्ठा आहे, आणि हो, मी एका जिलबीशी बोलतोय.’

का हसलो आम्ही? शिव्या किंवा पोरकट भाषा हे कारण नव्हतं. जी एकवीस वर्षांची मुलगी रस्त्यावर वाढलीय, ती तशीच बोलणार. खरी खोड जुनीच आहे, आणि आकाशवाणीवर श्रुतिका ऐकून वाढलेल्यांना ती लगेच ओळखू येते. श्रुतिकेत पात्राला म्हणावंच लागतं, ‘अगं बाई, तुमच्या हातात पिस्तूल!’ कारण ऐकणाऱ्याला पिस्तूल दिसत नसतं. इथे ड्रॅगन पडदाभर पसरलाय आणि नायिका सांगतेय की मला ड्रॅगन दिसतोय. डोळ्यांनी पाहिलेलं कानांनी पुन्हा ऐकायचं.

आणि दुसरी खोड यापेक्षा महागात पडणारी. बोलणाऱ्या पात्राला आपण ज्या गोष्टीत आहोत तिची लाज वाटतेय. जपानी कथांमध्ये साधं माणूस दुसऱ्या जगात फेकलं जाण्याचा ‘इसेकाई’ नावाचा आख्खा प्रकार आहे. त्या सांगाड्यावर इथे हॉलिवूडच्या सुपरहिरो सिनेमांतली चटपटीत जीभ बसवली गेली : काहीही अचाट घडलं की पात्राने खांदे उडवायचे आणि ‘हे काहीतरीच आहे ना?’ असं प्रेक्षकाला खुणावायचं. ज्या जगावर पाच-सहा सिनेमे भरवसा बसलाय तिथे हे एखाद वेळी खपतं. अ‍ॅथिया तर आत्ताच उघडलंय. तिच्याबद्दल आपल्याला काही वाटायच्या आतच नायिका तिची टर उडवते. मग आपण तरी कशाला गांभीर्याने घ्यायचं?

तमाशातला सोंगाड्या काय करतो ते आठवून पाहा. तो राजाची टोपी उडवतो, पण राजा राजासारखाच बसलेला असतो. वगातला राजाही हसायला लागला तर सोंगाड्याची हवाच निघून जाते. संस्कृत नाटकातला विदूषक तर भाषेनेच वेगळा : राजा संस्कृत बोलतो, विदूषक प्राकृत. दोन भाषा एका रंगमंचावर शेजारी ठेवल्या की त्यांच्या घासण्यातूनच विनोद निघतो, आणि कधी कधी खरंही त्यातूनच निघतं. ‘फोरस्पोकन’कडे हे आयतं होतं. सिपालची माणसं जुनाट, अदबशीर इंग्रजी बोलतात. फ्रे न्यूयॉर्कच्या गल्लीतलं. पण तिचं बोलणं सिपालच्या माणसांना समजत नाही, चुकीचं समजतं, दुखावतं किंवा मोहवतं, असं फारसं घडतच नाही. ती बोलते, ते थोडे गोंधळतात, दृश्य पुढे सरकतं.

कफ

आता मूळ दुखणं. कफला आवाज दिलाय जोनाथन केक या ब्रिटिश नटाने, फ्रेला एला बलिन्स्का या ब्रिटिश अभिनेत्रीने, अमेरिकन ढंगात. दोघंही कच्चे नाहीत. बलिन्स्काला जिथे रडायला, चिडायला, गप्प राहायला मिळालंय तिथे ती फ्रेला खरी करते. होमरला सोडून जातानाचं दृश्य बघा, त्यात वाक्यंच कमी आहेत.

दोघांच्या ओळखीत एक जागा फार छान जमलीय. तो सांगतो, मी कफ नव्हे, व्हँब्रेस. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतचं चिलखत. ती म्हणते, कफच. इतकाच खेळ. पण बघा, इथे दोघांनाही काहीतरी हवंय. त्याला मान हवाय, तिला तो द्यायचा नाहीय. म्हणून हसू येतं. पुढच्या कित्येक तासांत असं ‘हवंय’ कुणालाच नसतं. ती चिडते, तो टोमणा मारतो, ती शिवी हासडते, तो ‘काय ही भाषा’ म्हणतो. आणि पुन्हा तेच. भांडण आहे, पण कशावरून ते नाही. दोन माणसं एसटीत खिडकीवरून भांडतात तेव्हासुद्धा निदान खिडकी असते.

आता शेवट आठवून मागे वळून बघा. कफला खरं तर खेळातल्या सर्वांपेक्षा जास्त काहीतरी हवं होतं! त्याला सुटायचंय. त्यासाठी या मुलीने तांतांकडे जायला हवं, त्यांना मारायला हवं. तिला हवंय घरी जाणं. दोघांचे रस्ते एका ठिकाणी जुळतात आणि एका ठिकाणी जीवघेणे फुटतात. म्हणजे त्याचं एकेक वाक्य मोजून मापून टाकलेला फासा असायला हवं होतं. कधी खुशामत, कधी डिवचणं, कधी नेमकी ऐन वेळी पाळलेली शांतता. लिहिणाऱ्यांना बहुधा उलट भीती वाटली असावी : त्याला काही हवंय हे दिसलं तर रहस्य फुटेल. म्हणून त्याच्याकडून सगळा हेतूच काढून घेतला. उरला तो तिरकस बोलणारा शोभेचा दागिना. रहस्य राखलं गेलं, पण राखण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही. उलगडा झाल्यावर ‘अरे, म्हणून तो तेव्हा तसं म्हणाला होता!’ असं वाटावं अशी वाक्यं माझ्या आठवणीत मोजकीच आहेत.

आपल्याकडे हाच सांगाडा शेकडो वर्षं चाललाय : पाठीवरचा वेताळ. नायकाच्या अंगाला लटकलेला, बडबड्या, तिरकस, आणि त्याच्या मनात काय आहे ते न कळणारा. पण तिथल्या बोलण्याला काय जबरदस्त अट घातलीय! विक्रम बोलला की वेताळ उडाला, सगळी पायपीट पुन्हा. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शंभर शकलं. प्रत्येक वाक्याची किंमत ठरलेली. रस्त्यातला वेळ घालवायलाच तर तो गोष्टी सांगतो, म्हणजे गेमवाल्यांच्या भाषेत हीसुद्धा ‘चालता चालता ऐकायची बडबड’च. तरी कान टवकारलेले राहतात. आणि शेवटी वेताळच सांगतो की ज्या जोग्यासाठी तू मला नेतोयस तोच तुझा जीव घेणार आहे. फोरस्पोकनने नेमकं उलटं वळण घेतलं, पाठीवरचाच दगा देणारा. कल्पना तोडीस तोड आहे. अट मात्र घालायची राहून गेली.

गेममध्येही हे जमतं, याला पुरावा आहे. 2018 च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये मिमिर हे बोलणारं मुंडकं नायकाच्या, मुलाला घेऊन निघालेल्या क्रेटॉसच्या, कमरेला लटकलेलं असतं. नाव वल्हवताना तो गोष्टी सांगतो, किनारा आला की अर्ध्यावर थांबतो, पुन्हा नावेत बसलात की तिथूनच पुढे उचलतो. तो बडबड्या, बाप घुम्या, आणि मधे मुलगा प्रश्न विचारणारा. तिघांचं वजन वेगवेगळं. फ्रे आणि कफ दोघंही एकाच पट्टीत बोलतात, दोघंही हजरजबाबी. एकाने टोला मारला की दुसऱ्याचा टोला. झेलायला कोणीच नाही.

वाक्यं कुठून येतात

इथे थोडं यंत्रामागे डोकवायला हवं, नाहीतर सगळा दोष लेखकांच्या माथी जाईल. अशा गेममध्ये दोन प्रकारचं लेखन असतं. एक दृश्यांचं, सिनेमासारखं. दुसरं फुटकळ वाक्यांचं. धंद्यात त्याला ‘बार्क’ म्हणतात, म्हणजे भुंकणं. शत्रू दिसला, जीव कमी झाला, पेटी सापडली, नवा भाग लागला, खेळाडू नुसता उभा राहिला : अशा प्रत्येक प्रसंगासाठी आठ-दहा वाक्यं एका तक्त्यात लिहून ठेवायची. गेम त्यातलं एखादं उचलतो, वाजवतो, आणि ते काही वेळ पुन्हा वाजू नये म्हणून बाजूला ठेवतो.

तक्त्यात लिहिणाऱ्याला हे वाक्य कधी वाजणार ते ठाऊक नसतं. नुकतीच कोणी जवळची व्यक्ती मेली असेल, किंवा खेळाडू तासभर नुसता पेट्या गोळा करत हिंडत असेल. म्हणून वाक्य कुठेही चालेल असं लिहावं लागतं. कुठेही चालणारं वाक्य म्हणजे वरईच्या भातासारखं, कशाहीबरोबर खावं आणि कशाचीच चव न यावी. उपाय आहेत : कथेच्या टप्प्यागणिक वेगळे तक्ते करायचे, दु:खाच्या प्रसंगानंतर सगळी वाक्यं काही काळ कुलूपबंद करायची, आणि सर्वांत स्वस्त म्हणजे मुळात कमी लिहायचं. पण जग मोकळं आणि रिकामं असलं की पोकळी भरायचा मोह होतो. गाव नाही, माणसं नाहीत, रस्त्यात भेटणारं कोणी नाही. मग बोलणार कोण? हातातलं कडं. कफ अति बोलतो याचं अर्धं उत्तर अ‍ॅथियाच्या नकाशात आहे.

उरलेलं अर्धं सिपालमध्ये. बाहेर तुम्ही वाऱ्यासारखे धावता. शहरात शिरलं की गेम तुमचे पाय बांधतो. हळू चाला, अमक्याशी बोला, पडदा काळा, तमक्याशी बोला, पडदा काळा. दोन माणसं समोरासमोर ताठ उभी राहून जगाचा इतिहास सांगतात. मधेच मेंढ्यांना चारा घालायचं काम, मांजराच्या मागे जायचं काम. कथेला जी माणसं जिवंत करायला हवीत ती इथेच राहतात : ऑडेन ही मुलगी, जी फ्रेला सगळ्यात आधी माणूस म्हणून वागवते, आणि तिचे वडील रोबियन. पण त्यांना भेटणं म्हणजे खेळ थांबणं, असं गेमनेच आपल्याला शिकवून ठेवलेलं असतं. मग खेळाडू बटण दाबून वाक्यं पुढे ढकलतो, आणि पुढे सिपालवर संकट आलं की त्याला काही वाटत नाही. नायिकेच्या आईची, तांतांच्या मैत्रीची, म्हणजे सगळ्यात चांगली कथा तर अगदी शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवलेली. जेवण उरकल्यावर पुरणपोळी वाढल्यासारखं.

समजा असं असतं

टीका करणं सोपं, म्हणून एक प्रसंग स्वत: लिहून पाहिला. जागा सुरुवातीचीच : फ्रे दमून बसलीय, अजून सिपाल लांब आहे. तिला परत जायचंय. त्याला तिने तांतेकडे जायला हवंय, पण तसं सांगून चालणार नाही.

‘त्या मांजराचं नाव तुम्ही तीनदा घेतलंत.’
‘मग?’
‘काही नाही. मोजत होतो.’
‘कशाला?’
‘परतीचा रस्ता जिला ठाऊक आहे, तिचं नाव मात्र अजून एकदाही विचारलं नाहीत.’

फार थोर नाही, मान्य. पण कफला काय हवंय ते लपलेलं असूनही काम करतंय. खेळ संपवून परत खेळणाऱ्याला इथे दचकायला होईल, कारण पहिल्या खेपेला ही काळजी वाटली होती.

आणि मराठीत लिहिताना एक चीज आपोआप हातात आली, जी इंग्रजीत लिहिणाऱ्यांकडे नव्हतीच. कफ तिला ‘तुम्ही’ म्हणतो, ती त्याला ‘तू’. ब्रिटिश हेल आणून जी खोटी अदब इंग्रजीत उभी करावी लागली ती इथे एका सर्वनामात बसते. तीस तास तो ‘तुम्ही’ म्हणत राहील. तिसरी तांता पडते तेव्हा, वाक्याच्या ओघात, तो एकदाच ‘तू’ म्हणेल. ती पुढे चालत राहील. मराठी खेळाडूच्या मात्र हातातला कंट्रोलर थांबेल. जपानीत संबोधनांची उतरंड आपल्यापेक्षाही बारीक आहे, आणि हा स्टुडिओ टोकियोचा. इंग्रजी आवाज बंद करून जपानी लावा, बरं वाटतं, असा सल्ला खेळाडू एकमेकांना देत होते. मीही तासभर लावून पाहिलं. जपानी कळत नसल्यामुळे बरं वाटलं की खरंच त्यात काही होतं, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

लेखक कोण होते, तर नावं लहान नाहीत. गॅरी व्हिटा, ‘रोग वन’ या ‘स्टार वॉर्स’ सिनेमाच्या कथेत सहभागी असलेले. एमी हेनिग, ‘अनचार्टेड’ मालिकेच्या पहिल्या तीन गेमच्या शिल्पकार, आणि साहसकथेत हजरजबाबी संवाद कसे लिहावेत हे ज्यांच्याकडून बाकीचे शिकले. टॉड स्टॅशविक आणि अ‍ॅलिसन रायमर यांनी मुख्य लेखनाची बाजू सांभाळली. कल्पना एकाची, जगाचा आराखडा दुसऱ्याचा, संवाद तिसऱ्याचे, आणि ते सगळं समुद्रापलीकडे दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या टोकियोच्या टीमने गेममध्ये बसवायचं. ‘अनचार्टेड’मध्ये विनोदी वाक्य कड्यावरून लोंबकळताना येतं, कारण ते वाक्य आणि तो कडा शेजारी शेजारी बसून रचलेले असतात. इथे वाक्यं आणि कडे वेगवेगळ्या खोल्यांत तयार झाले असावेत, असं खेळताना सतत जाणवतं. हा माझा अंदाज, पण खेळून झाल्यावर तो सोडवत नाही.

याला पुढे एक पुरवणीही आली, ‘इन तांता वी ट्रस्ट’. त्यात फ्रे पंचवीस वर्षं मागे जाते आणि सिंता, तिची आई, लढाईत तिच्या बाजूला उभी असते. दोघींचे वार एकत्र जुळवता येतात. मुलीला ठाऊक आहे समोर कोण आहे, आणि सगळं काही बोलून दाखवता येत नाही. बोलण्याला हवी होती ती अट इथे आयतीच चालून आली होती. पुरवणी मे 2023 च्या अखेरीस विक्रीला आली. लुमिनस प्रॉडक्शन्सच्या दारावरची पाटी उतरून तेव्हा तीन-साडेतीन आठवडे झाले होते.